चौकशीची खिडकी

त्यांना गाडी लागायची. सदतीस वर्षं एसटी स्टँडच्या कंट्रोल केबिनमध्ये बसून ज्यांनी रोज शेकडो गाड्या फलाटावर लावल्या आणि सोडल्या, त्या माणसाला जवळच्या हातखंब्याच्या पुढे गेलं की मळमळायला लागायचं. ही गोष्ट त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितली. मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी घरोघरी जाऊन सॅम्पल घेते. त्यांच्या दंडाला पट्टा आवळून मी शीर शोधत होते आणि ते छताकडे बघत खणखणीत आवाजात सांगत होते, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. सुई फलाट क्रमांक एकवर लागत आहे. प्रवाशांनी चढण्याची घाई करू नये."

मला हसू आलं नाही. तेव्हा मला कशाचंच हसू येत नसे.

सॅम्पल झाल्यावर कापूस दाबून धरत त्यांनी विचारलं, "सकाळी काय खाल्लंत?"

"काका, उपाशी तुम्ही राहायचं असतं. मी नाही."

"मी राहिलो. आता विचारलं त्याचं उत्तर द्या."

"पोहे," मी म्हटलं.

"खोटं. पोहे खाल्लेला माणूस असा दिसत नाय."

ते खोटंच होतं. आदल्या दुपारपासून माझ्या पोटात चार बिस्किटं होती. सात वर्षं अंथरुणाला खिळलेली माझी आई तीन महिन्यांपूर्वी गेली होती. सगळे म्हणत होते, सुटली बिचारी, आणि तू पण सुटलीस. सुटले म्हणजे काय झालं होतं, तर सकाळी जाग आल्यावर उठायचं कशाला हे मला कळेनासं झालं होतं. लॅबमधून फोन आला की जेमतेम उठायचं, कालचाच ड्रेस चढवायचा, दहा घरं करायची आणि परत येऊन पडायचं. पडल्या पडल्या फोन बघायचा. मामेबहिणी कुठल्या कुठल्या समुद्रकिनाऱ्यांवर टोप्या घालून उभ्या असायच्या. समुद्र आमच्याही दाराशी आहे, पण माझ्या घरातून कोणी टोपी घालून तिकडे गेलेलं नव्हतं. ते फोटो बघून जीव आणखी खाली जायचा, आणि तरी मी बघत राहायचे.

रिपोर्ट पाठवायला म्हणून त्यांनी माझा नंबर घेतला आणि दुसऱ्या दिवशी मला न विचारता एका ग्रुपमध्ये टाकलं. ग्रुपचं नाव होतं 'चौकशी'.

मी लगेच बाहेर पडले. दोन मिनिटांनी पुन्हा आत. पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा आत घेऊन त्यांनी व्हॉइस मेसेज टाकला, "शहर वाहतुकीच्या प्रवाशाने चालत्या गाडीतून उतरू नये. इथे स्टॉप नाही."

तेव्हापासून त्या ग्रुपवर मी 'सिटी' झाले. माझं खरं नाव तिथे आजही निम्म्या लोकांना ठाऊक नसेल.

त्यांना स्वतःला सगळं गाव कंट्रोलर म्हणायचं. नाचणे रोडच्या आत त्यांचं बैठं घर होतं, पुढे पत्र्याची पडवी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी कोल्हापूरला दिलेली. स्वयंपाकघर म्हणजे फलाट एक, देवघर दोन, न्हाणीघर तीन. शेजारचं मांजर वाटेल तेव्हा यायचं म्हणून त्याचं नाव 'जादा गाडी'. कोणी म्हणालं की सहा वाजले, तर ते विचारायचे, "सहा शून्य शून्य, की सहा शून्य चार?" एका लग्नात पंगतीचा गोंधळ झाला तेव्हा खिशातून शिट्टी काढून ती त्यांनी अशी काही फुंकली की भटजी सप्तपदीच्या मंत्रांमध्येच थांबले. यजमानांनी त्यानंतर दोन वर्षं त्यांच्याशी अबोला धरला होता. "पण पंगत वेळेत बसली," ते म्हणायचे.

रोज सकाळी सहा दहाला पडवीत बसून ते ग्रुपवर घोषणा करायचे. लिहिण्याचा त्यांना तिटकारा होता. त्यांच्या मागे कधी कावळा ओरडत असायचा, कधी शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी व्हायची. पावसाळ्यात तर पत्र्यावर असा ताशा वाजत असायचा की ते ओरडूनच बोलायचे. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. हेदवी काल लेट होती, आज चौकशी व्हावी. नाटे दोन दिवस वेळेवर आहे, अभिनंदन. हातखंबा, तुमची गाडी लागली काय?"

ग्रुपवर अठ्ठावीस माणसं, आणि प्रत्येकाचं नाव म्हणजे त्याचं गाव. हेदवी म्हणजे तिथल्या निवृत्त मुख्याध्यापिका, दोन्ही मुलगे परदेशात. हातखंबा म्हणजे हायवेवरचा पंक्चरवाला, त्याची बायको माहेरी गेली होती ती परत आली नव्हती. नाटे म्हणजे होडी असलेला एक जण. भाऊ बुडाल्यापासून तो पाण्यात उतरला नव्हता. यातले बहुतेक जण कंट्रोलरना कुठेतरी एकटे बसलेले सापडले होते. दवाखान्याच्या बाकावर, बाजारात, एक जण तर पासपोर्ट फोटोच्या दुकानात.

सातच्या आत प्रत्येकाने एक शब्द लिहायचा. उठून, तोंड धुऊन पायावर उभं असलात तर 'लागली'. म्हणजे गाडी फलाटावर लागली, दिवस सुरू. उठवत नसेल तर 'लेट'. कोणी 'लेट' लिहिलं की बाकीच्यांनी एकच शब्द लिहायचा, 'थांबलोय'. बस्स. का लेट, कशाने लेट, हे ग्रुपवर विचारायचं नाही. ते कंट्रोलर दिवसभरात स्वतः फोन करून बघायचे. फुलं, देव आणि सुविचार पाठवायचे नाहीत. सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. हेदवीच्या बाईंनी एकदा 'लेट' लिहिणाऱ्या पोराला प्राणायामाचे नऊ प्रकार लिहून पाठवले. कंट्रोलरनी त्यांना एक दिवस ग्रुपबाहेर काढलं. परत आल्यावर बाईंनी लिहिलं, "आयुष्यभर मी मुलांना वर्गाबाहेर काढलं. आज कळलं, बाहेर किती कंटाळा येतो."

मी पहिले पंधरा दिवस काहीच लिहिलं नाही. रोज सकाळी मात्र माझं नाव घेतलं जायचं. "सिटी अजून लागलेली नाही. वाट बघत आहोत." राग यायचा. मग एके दिवशी हात आपोआप फोनकडे गेला आणि मी 'लेट' लिहिलं. लिहून पालथी पडले. फोन उशीखाली थरथरायला लागला. थांबलोय. थांबलोय. थांबलोय. मी एकेक मोजला. ज्यांची तोंडंही मी पाहिली नव्हती अशी सव्वीस माणसं माझ्यासाठी थांबली होती. सत्ताविसावा आला तो कंट्रोलरांचा, आणि अर्थात तो आवाजात होता, "थांबलोय. पण चहा थांबत नाय. उठा."

मी उठले. चहा केला. यापेक्षा मोठं काही घडलं असं मी सांगणार नाही, कारण घडलं नाही. पण त्या वेळी चहा करणं ही माझ्यासाठी फार मोठी गोष्ट होती.

त्यांना एकदा विचारलं होतं, हे तुम्हाला सुचलं कसं? ते पडवीत कोकमं फोडत बसले होते. म्हणाले, "केबिनला खिडकी होती, चौकशीची. सदतीस वर्षं त्या खिडकीत माणसं तोंड घालायची. राजापूर कधी, देवरूख कधी, मुतारी कुठे. मी वसावसा ओरडायचो. बोर्ड वाचता येत नाय काय म्हणून. रिटायर झालो नि चार दिवस गेले. कोणी काय विचारलं नाय. पाचव्या दिवशी स्टँडवर जाऊन बाकावर बसलो नि येणाऱ्या-जाणाऱ्याला गाड्या सांगायला लागलो. नवीन कंट्रोलर भला माणूस. हात जोडून म्हणाला, काका, घरी जावा." ते थोडा वेळ कोकमाच्या बिया बोटांनी बाजूला करत राहिले. "त्या दिवशी घरी येऊन मी पंख्याकडे बघत बसलो होतो. कशाला बघत होतो ते विचारू नको."

मी त्यांच्यापुढे आणखी कोकमं सरकवली.

"आणि आणखी एक सांगतो. गाडी दोन तास लेट झाली तरी लोक बसून राहतात. कोणी सांगणारा असला तर. सांगणारा नसला की दहा मिनिटांत वेडे होतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय."

आता तो दिवस. आईच्या वर्षश्राद्धाच्या सुमाराला मी पुन्हा घसरले. बरी होत आलेली माणसं घसरतात तशी, जास्त जोरात. त्या सकाळी मी 'लेट' न लिहिता 'रद्द' लिहिलं. हा शब्द ग्रुपवर कोणी कधी लिहिला नव्हता. मी गंमत करत होते असं नंतर सगळ्यांना सांगितलं, पण इथे खोटं कशाला लिहू? गंमत करत नव्हते.

अर्ध्या तासात दारावर शिट्टी वाजली. सगळ्या बिल्डिंगची दारं उघडली, शेवटी मलाही उघडावं लागलं. बाहेर कंट्रोलर. एका हातात छत्री, एका हातात डबा, शर्टाची बटणं वरखाली लागलेली, धापा टाकत.

"गाडी रद्द कोणी केली?"

"मी."

"तुम्हाला अधिकार काय? लेखी ऑर्डर दाखवा."

"काका, जा तुम्ही."

"गाडी रद्द करण्याचा अधिकार डेपो मॅनेजरला आहे, आणि तो तिथे बसतो." त्यांनी छत्री वर केली. "आपल्याला फक्त लेट करता येते. हवी तेवढी लेट करा. दुपार करा, उद्या करा. मी इथे बसलोय."

आणि ते खरंच दारातल्या चपलांच्या स्टँडशेजारी स्टूल टाकून बसले. डब्यात घावणे होते, एका बाजूने करपलेले, त्यांनी स्वतः घातलेले. मी खाल्ले. खाताना रडले. ते जिन्याकडे तोंड करून बसून राहिले. मग म्हणाले, "बाय, मला गाडी लागते ना, तेव्हा एक करायचं असतं. जवळचं बघायचं नाय. जवळचं बघितलं की गरगरतं. खिडकीशी बसून लांब बघायचं. लांबचा डोंगर हलत नाय." दुपारी ते मला डॉक्टरकडे घेऊन गेले, मनाच्या आजाराच्या डॉक्टरकडे. बाहेरच्या बाकावर बसून इतर पेशंटना नंबर सांगत राहिले. गोळ्या सुरू झाल्या, आणि हळूहळू मी सावरले. घावण्यांनी का गोळ्यांनी का त्या सत्तावीस थांबणाऱ्यांनी, मला वेगळं करून सांगता येणार नाही.

यानंतर दोन वर्षांनी घोषणा साध्या व्हायला लागल्या. "सर्व गाड्या वेळेवर आहेत. प्रवाशांनी लक्ष द्यावे." कोणाचं नाव नाही, चौकशी नाही. आम्हाला वाटलं, कंट्रोलर थकले. हातखंब्याने तर लिहिलं, आता काकांना पण जरा विश्रांती द्या. फोन केला तर ते उचलायचे नाहीत, ताप आहे असा शेजाऱ्यांकडून निरोप यायचा.

ऐन वैशाख होता. झाडाचं पान हलत नव्हतं. सकाळी सहा दहालाच पाठीवर घामाच्या धारा होत्या. मी सॅम्पलची बॅग भरता भरता घोषणा लावली. "सर्व गाड्या वेळेवर आहेत." खणखणीत, नेहमीसारखा आवाज. पण ते ओरडत का होते? पुन्हा ऐकली. आवाजामागे पाऊस होता. पत्र्यावर धो धो पाऊस.

मी खिडकीतून बाहेर बघितलं. आभाळ भाजलेल्या तव्यासारखं कोरडं. मग मी मागच्या घोषणा एकेक ऐकत गेले. एकीत श्रावणातल्या आरतीच्या घंटा, एकीत चक्क दिवाळीचे फटाके. तीन आठवडे हा माणूस आम्हाला जुन्या गाड्या सोडत होता. आणि सत्तावीस जणांतल्या एकालाही कळलं नव्हतं, कारण त्यांची चौकशी करायची असते हे आमच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. त्यांनी स्वतः कधी 'लागली' लिहिलं नव्हतं, 'लेट' लिहिलं नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नाही.

सॅम्पल राहू दिली आणि गाडीला किक मारली.

त्यांचं दार बंद. हाका मारल्या, कडी वाजवली. आत भांडं हललं आणि थांबलं. म्हणजे होते. मी विनवलं, रागावले, ग्रुपमधल्या सगळ्यांची शपथ घातली. काही नाही. जादा गाडी पायरीवर बसून माझ्याकडे बघत होती. शेवटी पडवीतल्या गजाच्या खिडकीशी गेले. काय वाटलं कोणास ठाऊक, गजांत तोंड घातलं आणि गावाकडच्या म्हातारीसारखं विचारलं,

"ओ साहेब! राजापूर गाडी कधी लागेल?"



"ओ साहेब, आयकलंत काय? राजापूर गाडी गेली की काय?"

आणि आतून एक आवाज आला. तो त्यांचा नव्हता. फाटक्या कापडासारखा, घशात अडकत, तुटत तुटत.

"साडेनऊ... हातखंबा, पाली, लांजा मार्गे... फलाट तीन." मग दम घेऊन, "समोर बोर्ड आहे... वाचता येत नाय काय?"

मी गज धरून तिथेच रडायला लागले. मग दार उघडलं.

घशात गाठ होती. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला हवा, कोल्हापूरला जा म्हणून सांगितलं होतं. चिठ्ठी गादीखाली होती. तीन आठवडे ती गादीखाली ठेवून ते तिच्यावर झोपत होते.

"आवाज गेला तर माझं काय उरलं?" त्यांनी त्या फाटक्या आवाजात विचारलं. "खिडकीत मुका माणूस बसवून काय करायचं? रद्दच की."

"रद्द?" मी डोळे पुसले. मला भयंकर राग आला होता. "लेखी ऑर्डर दाखवा."

 ते ओठाच्या कोपऱ्यात थोडं हसले, चोरी पकडलेल्या माणसासारखे. मी त्यांचा फोन त्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, तू लिही. मी म्हटलं, नाही लिहिणार, नियम तुमचा आहे. त्यांनी चष्मा लावला आणि एका बोटाने लिहायला घेतलं. आधी 'लोट' झालं, मग 'लेत'. चौथ्या वेळी जमलं. पाठवायच्या आधी त्यांचा अंगठा थोडा वेळ हवेतच राहिला.

लेट.

 ग्रुपवर आधी हेदवी. मग नाटे. मग हातखंबा. नंतर फोन थांबेचना. ते एकेक नाव वाचून दाखवत होते, गाडी आत आल्यासारखं, घसा दुखत असूनही. "हेदवी थांबली आहे... नाटे थांबली आहे..." सत्तावीसपैकी सव्वीस झाल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"सिटी?"

"काका, मी समोर बसल्येय."

"समोर बसलेल्याची पण नोंद लागते."

मी फोन काढून लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही आंबा घाटातून कोल्हापूरला गेलो. मी त्यांना खिडकीशी बसवलं, हातात लिंबू दिलं, आणि सगळा घाट ते लांबच्या डोंगराकडे टक लावून बसले. तरी दोनदा लागलीच. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज मात्र तो राहिला नाही. ते मुलीकडेच राहिले, आणि सहा दहाची घोषणा माझ्याकडे आली. रोज घोषणा झाली की एका बोटाने लिहिलेला त्यांचा मेसेज येतो. बहुतेक वेळा चुका काढणारा. 'फलाट' म्हणताना घाई होते. हेदवीचं नाव आधी घ्या, त्या ज्येष्ठ आहेत.

आज सकाळी मी घोषणा केली आणि बॅग भरायला घेतली. सहा चौदाला त्यांचा मेसेज आला, नेहमीपेक्षा लांब, त्यांना बराच वेळ लागला असणार.

"लागली. तुमच्या आवाजामागे आज पंखा होता. म्हणजे अंथरुणातनंच बोललात. काय झालं?"

मी पुन्हा आडवी झाले. छताकडे बघितलं. मग 'लेट' लिहिलं.

पहिलं 'थांबलोय' त्यांचंच आलं.